सही त्याची होती

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आला की सनीव्हेलमध्ये गाड्यांच्या टपांवर स्की बांधायचे रॅक चढायला लागतात. इथे हवा नुसती गार होते, एक स्वेटर पुरतं. पण ऑफिसच्या पार्किंगमध्ये, अपार्टमेंटच्या मागे, वाणसामानाच्या दुकानासमोर एकेक गाडी डोक्यावर काळ्या दांड्या घेऊन उभी दिसू लागते आणि कळतं, चार तासांवरच्या डोंगरात बर्फ सुरू झाला. ऑफिसच्या लिफ्टमध्ये माणसं इंचांत बोलतात. काल आठ पडला, रविवारपर्यंत अजून चौदा. उभ्या जन्मात शुक्रवारची मीटिंग न चुकवलेली माणसं चारलाच गायब होतात.

मी सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी, फोनवर डोंगरावरचा कॅमेरा बघतो. उतार रिकामा असतो. त्यावर यंत्रं फिरून गेलेली असतात आणि बर्फावर वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेघा उमटलेल्या असतात. इथले लोक त्याला कॉर्डरॉय म्हणतात, त्या कापडावरून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातमोजा काढून त्यावर तळवा फिरवला होता. मिलिंद मागून म्हणाला होता, "काय बघतो बे दत्त्या, रंग पक्का आहे का?"

हे त्या मिलिंदबद्दल आहे, आणि तीन वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याबद्दल. बर्फ पडायला लागला की मला राग येतो. तो नक्की कोणाचा, हे ठरवता ठरवता एप्रिल येतो, बर्फ वितळतो आणि प्रश्न तसाच राहतो.

मिलिंद नागपूरचा, मी कोल्हापूरचा. स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावात आम्ही एकाच ऑगस्टमध्ये शिकायला उतरलो आणि एकाच अपार्टमेंटमध्ये येऊन पडलो. दोन खोल्या, चार पोरं, एक कुकर. कॅम्पसची बस दारासमोर थांबायची, पण तूरडाळ आणायची तर कुणा सिनियरच्या गाडीची वाट बघावी लागायची. घरमालकाशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. हीटरचं बिल भाड्यात धरून घेतलं ते मी, पहिल्या महिन्याची सूट मिळवली तीही मी. मी बोलत असताना मिलिंद माझ्या मागे उभा राहून कार्पेटकडे बघत असायचा. बाहेर आल्यावर म्हणायचा, "तुला लाज कशी नाही वाटत रे?" आणि लगेच, "पण बरं झालं तू बोलला."

गावाबाहेर एक टेकडीवजा डोंगर होता. मंगळवारी दुपारी विद्यार्थ्यांना तिकीट अर्धं. भाड्याच्या स्की, कुणाच्या तरी पायाचा वास येणारे भाड्याचे बूट. आम्ही दोघंही आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर उभे राहिलो आणि उभे राहिलो तसे पडलो. मी पडलो की चिडायचो, उठायचो, परत वर जायचो. मिलिंद पडला की पडून राहायचा. उताणा, हात पसरून, आभाळाकडे तोंड करून हसत. मी ओढायला गेलो की म्हणायचा, "नको उठवू. मस्त वाटून रायलं."

त्याच हिवाळ्यात नोकऱ्यांसाठी आमचे रेझ्युमे तयार झाले. मिलिंदचा मी लिहिला. त्याने पुण्यात सहा महिने काम केलं होतं, मी दोन वर्षं लिहिली. "अरे पण सहाच महिने केलं ना बे," तो म्हणाला. मी म्हणालो, "सगळे वाढवून लिहितात. न वाढवता लिहिलंस तर ते मनातल्या मनात आणखी कमी करतील." ते खरंही होतं. त्याने कागद न वाचता खाली नाव टाकलं. त्या कागदावर त्याला पहिली नोकरी लागली, तिच्यावर व्हिसा झाला, पुढे ग्रीन कार्ड, घर, सगळं. काम त्याने स्वतःच्या हुशारीने निभावलं, ते कोणी नाकारत नाही. पण दार मी उघडलं होतं. हे मी कधी बोलून दाखवलं नाही असं मला वाटायचं. आता आठवून बघतो तर बऱ्याचदा दाखवलं.

मी हे सगळं आईकडून शिकलो. ती कोल्हापुरात दारोदार भांडी घेऊन जायची. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात पातेलं नाही तर डबा द्यायचा. बायका माडीवरून हाक मारायच्या, आई पायरीवर बसायची आणि साडी हातात आली की पहिल्यांदा उन्हासमोर धरायची. कुठे विरली आहे ते बघायची. साडी कितीही आवडली तरी चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. समोरची कौतुक करत असेल तर ते ऐकायचं नाही, आणि समोरची खोट सांगत असेल तर तेही ऐकायचं नाही, कारण दोन्ही बोलणीच असतात. आणि काहीही झालं तरी पहिला आकडा आपण सांगायचा नाही. एवढ्या भांडवलावर तिने मला इंजिनियर केलं. मी या देशात गाड्या घेतल्या, पगार ठरवले, घटस्फोटाची बोलणीसुद्धा केली, तिच्याच पद्धतीने. कुठे फारसा हरलो नाही. लग्न मात्र टिकलं नाही, आणि त्यानंतर माझे सगळे सणवार मिलिंदच्या घरी झाले. त्याची बायको वैशाली दिवाळीत एक ताट जास्तीचं मांडायची. तिला कधी सांगावं लागलं नाही.

तर तो हिवाळा. तसा बर्फ मी आधी कधी पाहिला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच भिंती. घरांच्या खिडक्यांपर्यंत पांढरं. आम्ही दर शनिवारी पहाटे सनीव्हेलहून निघायचो. गाडीत वैशालीने दिलेला डबा, थालीपिठं, दही, शेंगदाण्याची चटणी. घाटात पोलीस थांबवायचे, चाकांना साखळ्या लावा म्हणायचे, आणि आम्ही रस्त्याकडेला चिखलात गुडघे टेकून साखळ्या ओढत बसायचो. मिलिंद प्रत्येक वेळी साखळी उलटी लावायचा. वर पोचल्यावर पार्किंगमध्ये, डिकीच्या कडेवर बसून, अर्धे बूट चढवलेले असताना, थालीपीठ खायचो. शेजारच्या गाडीतली गोरी बाई एकदा वासाने जवळ आली. मिलिंदने तिला अर्धं तोडून दिलं. मी म्हणालो, "आपल्याला दोनच आहेत." तो म्हणाला, "दीड आहे आता."

मला स्की चांगली येते. हे मी फुशारकीने सांगत नाही. वीस हिवाळे पडून, चिडून, परत वर जाऊन मिळवलेली गोष्ट आहे. माझ्याकडे ज्या स्की आहेत त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्या मधे अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असतात, लांबवलेल्या डमरूसारख्या. आत धातूचे पत्रे असतात, त्यामुळे वाकवायला ताकद लागते. भुसभुशीत बर्फात त्यांचा काही उपयोग नाही. त्यांना सकाळचा उतार लागतो, यंत्राने दाबून सारखा केलेला, रेघारेघांचा. त्यावर वेगात जाऊन अंग एका बाजूला कलंडवलं की स्कीची धार बर्फात बसते आणि मग ती घसरत नाही, कापत जाते. वळण तुम्ही घेत नाही, स्की घेते. हिप जमिनीला टेकेल इतके तुम्ही वाकलेले असता, पायाखाली कापड फाटावं तसा एकसारखा आवाज होत असतो. खाली थांबून वर पाहिलं तर पेन्सिलीने ओढाव्यात तशा दोन बारीक रेघा दिसतात. मला त्या रेघा बघायला आवडायचं. आयुष्यात फार थोड्या गोष्टी मी इतक्या स्वच्छ केल्या आहेत.

पण या स्कीचा एक स्वभाव असतो. तिला हळू जाणारा माणूस चालत नाही. वेग नसेल, पायात जोर नसेल, लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं, तरी तिची धार काम करतच राहते. तुम्ही थांबलेले असता, ती वळत असते.

मिलिंद हळू जायचा. मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली असताना माणूस स्कूटर जशी चालवतो, तसा तो डोंगर उतरायचा. रुंद, आरामशीर वळणं, तोंडाने काहीतरी गुणगुणत. अर्ध्या उतारावर एक जागा होती, जिथून झाडांमधून खालचा मोठा तलाव दिसायचा, निळा, जवळजवळ काळा. तिथे तो प्रत्येक फेरीला थांबायचा. तोच तलाव, दर वेळी. मी खाली लिफ्टच्या रांगेशी उभा राहून घड्याळ बघायचो. दुपारपर्यंत माझ्या सोळा फेऱ्या व्हायच्या, त्याच्या पाच. त्यामुळे अकरा वेळा मी लिफ्टच्या खुर्चीत अनोळखी माणसांबरोबर वर जायचो.

मला तो सोबत हवा होता, एवढंच. तेव्हा मी ते असं म्हटलं नाही. तेव्हा मी म्हणालो, "तुझ्या स्की भंगार आहेत, म्हणून तू हळू जातोस. तुला चांगली जोडी घेऊन देतो."

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात, शाळेच्या व्यायामशाळेत, जुन्या स्कीचा बाजार भरायचा. बास्केटबॉलच्या मैदानावर ताडपत्र्या अंथरून शेकडो जोड्या मांडलेल्या, मेणाचा वास, ओल्या लोकरीचा वास, कागदाच्या कपात कॉफी. आई तिथे असती तर पाच मिनिटांत रुळली असती. मला एक जोडी दिसली, जवळजवळ न वापरलेली, माझ्याच जातीची, कदाचित माझ्यापेक्षा सरस. विकणारी बाई उंच होती, साठीची असेल, तरुणपणी शर्यतीत उतरलेली. मी स्की उचलून उजेडासमोर धरली. धारेवर नख फिरवलं. तळाला एक ओरखडा सापडला, तो तिला दाखवला.

"कोणासाठी घेताय?" तिने विचारलं.

"मित्रासाठी."

"कशी येते त्यांना?"

"एक्सपर्ट आहे."

मिलिंद तेव्हा शाळेच्या पोरांच्या टेबलापाशी बिस्किटं विकत घेत होता आणि त्या पोरांना विचारत होता की तुम्ही स्वतः भाजली की आयांनी. बाईने त्याच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "ही स्की माफ करत नाही. थोडं शिकलेल्या माणसाने घेऊ नये. मला विकली गेली नाही तरी चालेल."

मी मनातल्या मनात हसलो. न विकण्याचं नाटक मी लहानपणापासून बघत आलो होतो. दोन पावलं निघून गेलो, परत आलो, आणखी एक ओरखडा काढला आणि तिने सांगितलं त्याच्या अर्ध्याहून कमीत जोडी घेतली. घेताना वाटलं होतं, हरली बिचारी. आता रोज वाटतं की त्या सबंध व्यायामशाळेत खरं बोलणारी ती एकटीच होती, आणि तिचं ते खरं बोलणं मी भाव कमी न करण्याची एक चाल समजलो.

स्की घेतली की तिची पकड बुटाला बसवून घ्यावी लागते. दुकानातला माणूस एका स्क्रूने आकडा ठरवतो. पडताना पायावर किती जोर आला की बूट सुटायचा, तो हा आकडा. जोरात जाणाऱ्याचा बूट सहज सुटून चालत नाही, आणि हळू जाणाऱ्याचा सहज सुटावा लागतो. त्यासाठी एक फॉर्म असतो. वजन, उंची, वय, बुटाचं माप, आणि तुम्ही कसे चालवता याचे तीन चौकोन. जपून, मध्यम, जोरात. मिलिंद दुकानाबाहेर वैशालीशी फोनवर बोलत होता, येताना पनीर आणायचं का वगैरे. काउंटरमागचा माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकात होता. फॉर्म मी भरला.

तिसऱ्या चौकोनावर खूण करताना माझा हात क्षणभरही थांबला नाही. आम्ही या देशात जेवढे फॉर्म भरले, तेवढ्यांत सगळ्यात वरच्या पातळीचा चौकोन आपला, हे ठरलेलंच होतं. इंग्रजी? उत्तम. अनुभव? भरपूर. नेतृत्व? केलं आहे. खालच्या पातळीवर खूण करणारा माणूस परत जातो, हे आम्ही हाडात मुरवून घेतलं होतं. एक कागद असाही असू शकतो, जो खरं विचारतो, कारण त्याला तुमचा पाय वाचवायचा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मिलिंद आत आला. "काय लिहिलं?"

"बरोबर लिहिलंय. सही कर."

त्याने केली.

फेब्रुवारीतला शनिवार. ऊन होतं, वारा नव्हता, उतारावरच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. तशी सकाळ एका हिवाळ्यात दोन-तीनदाच मिळते. नव्या स्कीवर तो बिचकत होता. पहिल्या फेरीला म्हणाला, "ही मला विचारतच नाही रे, स्वतःच वळून रायली." मी म्हणालो, "तिच्यावर विश्वास ठेव." दुसऱ्या फेरीला मी खाली पोचून वर बघत उभा होतो. तो तलावाच्या जागेपाशी आला, थांबायला लागला, मान तलावाकडे वळवली. वेग जवळजवळ नव्हताच. चालणारा माणूस त्याच्या पुढे गेला असता. आणि तो हळूच, एखादं पोतं कलंडावं तसा, पडला.

मी हसलो. खालून मोठ्याने हसलो. तो उताणा पडून आता हसेल म्हणून वाट बघत राहिलो.

वर चढून पोचायला मला दहा मिनिटं लागली. त्याची मांडी एका दिशेला होती आणि गुडघ्याखालचा पाय स्कीसकट दुसऱ्या. स्की अजून बुटाला घट्ट होती. तो अगदी शांतपणे म्हणाला, "दत्त्या, सुटली नाही रे."

करड्या वेणीची एक बाई बचावपथकाची घसरगाडी घेऊन आली. तिने स्की सोडवली, मग वाकून पकडीवरचा आकडा वाचला. परत वाचला. मिलिंदला विचारलं, "तुम्ही जोरात चालवता?"

"मी?" मिलिंदचे ओठ पांढरे पडले होते, तरी तो थोडा हसला. "मॅडम, मला बालवाडीतली पोरं ओव्हरटेक करतात."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दुकानाने बसवलंय." ते मी फार पटकन म्हणालो. घसरगाडीला पट्टे बांधत असताना मिलिंदने माझ्याकडे मान वळवली. "तू काय लिहिलं होतं?" मी म्हणालो, "नंतर बोलू."

गुडघ्याचे दोन स्नायुबंध तुटले होते आणि खालच्या हाडाला तडा होता. दोन ऑपरेशनं झाली. त्या काळात मी काय केलं तर दुकानाशी भांडलो. फोन केले, मेल लिहिले, काउंटरवर जाऊन आवाज चढवला. मॅनेजरने फॉर्म काढून समोर ठेवला. माझं अक्षर होतं. तरी मी म्हणालो, तुमच्या माणसाने गिऱ्हाइकाकडे बघायला नको का? वीस मिनिटं मी हटलो नाही. शेवटी पाठीमागची रांग बघून त्याने मला घालवायला एक नवी जोडी देऊ केली. नव्या स्की, कोणत्याही. मी जिंकलो होतो.

ती बातमी घेऊन मी मिलिंदच्या घरी गेलो. तो सोफ्यावर होता, पाय पट्ट्यांच्या सांगाड्यात. त्याची तेरा वर्षांची रेवा टेबलाशी अभ्यास करत होती. वैशाली ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. मी सगळं रंगवून सांगितलं, मॅनेजर काय म्हणाला, मी काय म्हणालो, नवी जोडी कशी काढली. मिलिंद ऐकत होता. वैशालीने पाठमोरी असतानाच विचारलं, "भाऊजी, एक विचारू? फॉर्म कोणी भरला होता?"

माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर होतं.

मी म्हणालो, "सही मिलिंदची आहे."

कोथिंबीर निवडणारा हात थांबला. रेवाने वर पाहिलं. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाला, "हो. सही माझीच आहे. चहा टाक ना जरा."

चहा झाला. मी प्यायलो. त्यानंतर मला त्या घरातून कधी बोलावणं आलं नाही.

माझी तक्रार आहे, आणि ती मी तीन वर्षं सांभाळली आहे. एका गुडघ्यासाठी वीस वर्षं तोडतात का? तो माझ्यावर ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मीही दिल्या असत्या, आणि कुठेतरी येऊन मिटलं असतं. भांडणापासून मिटवण्यापर्यंतचा रस्ता मला पाठ आहे. त्याने मला भांडणच दिलं नाही. फोनला "बिझी आहे, नंतर करतो." दिवाळीला ग्रुपवर सगळ्यांना जो मेसेज, तोच मला. आणि दीड वर्षापूर्वी त्याच ग्रुपवर फोटो आले, मिलिंदला फिनिक्सजवळ चँडलरला चिपच्या कंपनीत नोकरी लागली त्याच्या निरोपाच्या पार्टीचे. केक होता. ओळखीची पंधरा-वीस माणसं होती. मी एकेक फोटो मोठा करून सगळे चेहरे पाहिले, जसा काही मी कुठेतरी मागे उभा असेन.

डोंगरावर मी अजून जातो. चांगलाच जातो, पूर्वीपेक्षा चांगला. आता कोणाची वाट बघावी लागत नाही, म्हणून दुपारपर्यंत वीस फेऱ्या होतात. कधी कधी तलावाच्या जागेपाशी थांबून बघतो. तलाव आहे. निळा आहे. दोन मिनिटांत पाय गार पडतात. तो दर वेळी तिथे काय बघायचा, ते मला अजून दिसलेलं नाही.

गेल्या शनिवारी डोंगर सीझनसाठी उघडला, आणि मी त्या सकाळी विमानाने फिनिक्सला गेलो. मिलिंदला मेसेज टाकला होता, कामासाठी चँडलरला येतोय, भेटू का. काम काही नव्हतं. त्याने लिहिलं, "ये."

तिथे नोव्हेंबरातही लोक अर्ध्या चड्डीत होते. अंगणात हिरवळीच्या जागी खडी, खडीत निवडुंग. दार वैशालीने उघडलं. "या भाऊजी." रेवा जिना उतरत होती, उंच झालेली. "हाय काका. बाबा इज आउट बॅक," म्हणाली आणि गाडीची किल्ली उचलून निघून गेली. पूर्वी ती मला दत्ताकाका म्हणायची.

मी स्वयंपाकघरातच उभा राहिलो. विमानात मी बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वापरलं नाही. "वैशाली, तो फॉर्म मी भरला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मिलिंदने हॉस्पिटलमध्येच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी."

"मग तू विचारलंस का?"

"माहिती पाहिजे होती म्हणून नाही विचारलं." तिने कपाटातून कप काढले. "त्या दिवशी तुम्ही नुसतं 'मी' म्हणाले असते ना, तर मी तुमचं पान वाढणार होते. भाजी केली होती तुमच्या आवडीची."

"आणि आता?"

"आता चहा घ्या. तो मागे आहे, तिथेच पाठवते."

मिलिंद मागच्या अंगणात संत्र्याच्या झाडाला पाणी घालत होता. कमरेएवढं झाड, चार-पाच हिरवी फळं. वजन वाढलं होतं त्याचं. वळताना तो आधी चांगला पाय टाकायचा, मग दुसरा.

"ये दत्ता," तो म्हणाला. "नागपूरची सर नाही या मातीत. पण धरलंय."

दत्ता. दत्त्या नाही. तो छान बोलला माझ्याशी. ऑफिसचं, उन्हाळ्यात गाडीचं स्टिअरिंग कसं चटके देतं त्याचं, रेवाच्या कॉलेजच्या अर्जांचं. एखाद्या नव्या शेजाऱ्याशी बोलावं तसं, काही कमी नाही, काही जास्त नाही. मी मधेच म्हणालो, "मिलिंद, मी त्या दिवशी तुझ्या घरात खोटं बोललो."

"खोटं कुठे? सही माझीच होती."

"टोमणा मारतोस?"

"नाही रे." त्याने नळ बंद केला. "मी वाचायला पाहिजे होतं. तू लिहिलेलं मी कधीच वाचलं नाही. रेझ्युमेपासून. तू लिहिलं म्हणजे झालं." मग म्हणाला, "आता वाचतो. सगळं वाचतो मी आता. रेवाच्या शाळेची साधी चिठ्ठी असली तरी दोनदा वाचतो. वेळ फार जातो."

"मला शिव्या दे," मी म्हणालो. "दे ना. मी इतक्या लांब आलोय."

तो हसला, पण ते हसू मी ओळखत नव्हतो. "नाही येत आता," म्हणाला.

चहा आला. आम्ही प्यायलो. खडीवर कपांच्या सावल्या पडल्या होत्या. डोंगरावर या वेळी रेघा मोडून गेल्या असतील, बर्फ मऊ पडला असेल, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं आणि त्याचा मला रागही आला नाही.

निघताना तो दारापर्यंत आला. पुढे तीन पायऱ्या होत्या, शेजारी लोखंडी कठडा. मी म्हणालो, राहू दे, येऊ नको. तो आला. कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी भाड्याच्या गाडीचं दार उघडून उभा होतो. मला काहीतरी घेऊन जायचं होतं तिथून. मी विचारलं, "पुढच्या महिन्यात परत येऊ?"

या माणसाच्या घरात मी वीस वर्षं बेल न वाजवता शिरलो होतो. चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावून काय शिजतंय ते विचारलं होतं. सोफ्यावर झोपलो होतो, फ्रीज उघडला होता.

त्याने थोडा विचार केला. टाळायचं म्हणून नाही. खरंच विचार केला, नीट वाचून सही करणाऱ्या माणसासारखा.

"ये," म्हणाला. "फोन करून ये."

कोणी असं काही म्हटलं की मी तिथून पुढची बोलणी सुरू करतो. त्या दिवशी "बरं" म्हणालो आणि गाडीत बसलो.